सुतान जाणार नाहीत

माझ्या थोरल्या बहिणीच्या कबरीवरची माती अजून खाली बसली नव्हती, तोच माझ्या भावाने तिच्या नवऱ्याला, सुतानना, घरातून कधी न्यायचं याचं बोलणं काढलं. भाऊ आमच्या कुळाचा प्रमुख आहे, दातुक. त्याच्या तोंडून शब्द कसे धुऊनपुसून बाहेर पडतात. तो म्हणाला, शंभराव्या दिवसाची प्रार्थना आटोपली की सुतानच्या घरचे लोक त्यांना मानाने घ्यायला येतील, तेव्हा जेवण चांगलं कर, मांसाचं रेंदांग कर, लोकांनी नाव काढलं पाहिजे. मी छोटे कांदे सोलत बसले होते. त्याच्याकडे न बघता सोलत राहिले.

भाऊ माझ्यापेक्षा धाकटा. त्याचं नाव मासरिझाल, पण मी त्याला अजून जाल म्हणते, कारण मी त्याचं नाक पुसलेलं आहे. तो गावच्या सभेत शिरला की मोठमोठी माणसं आवाज खाली आणतात. आणावा, तो हुशार आहे. माझ्या स्वयंपाकघरात मात्र आवाज कोणाचा खाली यायचा हे मी ठरवते.

रीत तशी आहे हे खोटं नाही. आमच्याकडे घर बायकांचं, आईकडून लेकीकडे जाणारं. नवरा बायकोच्या घरी राहायला येतो आणि ती असेपर्यंत राहतो. ती गेली की त्याचे भाचे पानाचं तबक घेऊन येतात आणि त्याला त्याच्या बहिणीच्या घरी परत नेतात. यात अपमान कोणी मानत नाही, उलट न्यायला कोणी आलं नाही तरच नाचक्की. आमची आई गेली तेव्हा बाबांनाही असंच नेलं होतं. बाबा पुढे दोन वर्षं जगले. रोज दुपारच्या नमाजानंतर ते आमच्या घरावरून जात, वर खिडकीकडे बघत, हवापाण्याचं विचारत आणि पुढे जात. जिना चढत नसत. बोलावलं तरी म्हणत, नको, पायांना माती आहे.

म्हणून जालचं बोलणं ऐकताना मला बाबाच दिसत होते. दुःख वगैरे नंतर. आधी राग.

आमच्या घराला एका रांगेत पाच खोल्या आहेत. टोकाची, सगळ्यात उजेडाची खोली नव्या नवरीची. धाकटीचं लग्न झालं की थोरली एक खोली अलीकडे सरकते, पुढच्या लग्नाला आणखी एक, आणि असं सरकत सरकत बाई म्हातारी झाली की स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन टेकते. मी टोकाच्या खोलीत लाजत गेले होते. तिथून माझा नवरा मेदानला कमवायला गेला आणि तिथे दुसरी करून बसला, तेव्हा त्याचे कपडे मी त्याच्या मागोमाग बसने पाठवून दिले, इस्त्री करून. मग भाचीचं लग्न झालं आणि मी अलीकडे आले. चूल माझ्याकडे म्हणून थोरल्या बहिणीने शेवटची खोली मला दिली, आता मी स्वयंपाकघराला लागून झोपते आणि पहाटे मांजर आधी माझ्याच अंगावर चढतं. बाईच्या वयाला या घरात जागा आहे, कुठल्या वर्षी कुठल्या भिंतीशी डोकं टेकायचं ते ठरलेलं आहे. पुरुषाचं काय? सात-आठ वर्षांचा झाला की त्याला मशिदीशेजारच्या सुराऊत, पोरं कुराण शिकतात त्या जागी, झोपायला धाडतात, मिसरूड फुटली की परगावी, आणि मग बायकोच्या खोलीत. तिथेही तो पाहुणाच. म्हाताऱ्या पुरुषासाठी आमच्या घरात खोली कोणी बांधलीच नाही.

सुतान आमच्या घरी आले तेव्हा मी परकरी पोर होते. सुतान ही त्यांची लग्नातली पदवी. सासरी पुरुषाला पदवीनेच हाक मारतात, त्यांचं जन्मनाव मला कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं. पहिल्या वर्षी ते रात्रीची नमाज झाल्यावर येत आणि पहाटे कोंबडं आरवायच्या आत जात. नवा जावई असाच लाजायचा. मी आणि जाल चटईवरून माना उंचावून त्यांची सावली बघायचो आणि खिदळायचो. मग माझी भाची झाली, यलमी, आणि सुतान दिवसाही घरात दिसायला लागले. तिला आपल्या पावलांवर उभी करून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवायचे. बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. संध्याकाळी ते केळ्याची भजी आणायचे आणि पुडी बायकोच्या हातात न देता माझ्या आईच्या हातात द्यायचे, कारण घर तिचं. आई गेल्यावर पुडी माझ्या थोरल्या बहिणीच्या, युस उनीच्या हातात यायला लागली; उनी म्हणजे ताई. तीच पुडी, तेवढीच भजी, फक्त हात बदलला होता. त्या दिवशी मला कळलं की आता आम्ही मोठ्या झालो.

अशा गोष्टी मी बघत आले. मला दुसरं काम काय होतं? चुलीजवळ बसलं की अख्खं घर दिसतं. तरुणपणी ती दोघं एकमेकांशी सगळ्यांसमोर बोलत नसत. मधल्या वयात रेडिओवरून भांडायची, तिला गाणी हवी असत आणि त्यांना बातम्या. नंतर रेडिओ बिघडला तर दोघांनाही दुरुस्त करायचा आठव राहिला नाही. शेवटच्या वर्षात उनीचे गुडघे गेले. सुतान पाणी तापवायचे, तिला उचलून न्हाणीघरात न्यायचे, बाहेर आणून ऊन लागेल अशी बसवायचे आणि तिच्या पायाची नखं कापायचे. नखं कापताना ती त्यांना शिव्या द्यायची, हळू, मेल्या, हळू. सुतान चष्मा नाकावर सरकवून म्हणायचे, हलू नकोस, शिवण वाकडी येईल. मी चुलीशी बसून हसायचे आणि तोंड पदराने झाकायचे.

अशा माणसाला बसवून जेवू घालायचं आणि वाटेला लावायचं.

जालने दुसरा मार्गही काढून ठेवला होता. तो पुन्हा आला, या खेपेस मागच्या दाराने. मागच्या दाराने येतो तेव्हा तो दातुक नसतो, भाऊ असतो. इकडचं तिकडचं झालं आणि मग म्हणाला, उनी, चटई बदलायची का? चटई बदलणं म्हणजे मेलेल्या बायकोच्या बहिणीशी त्या माणसाचं लग्न लावून देणं. पूर्वी पुष्कळ व्हायचं, अजूनही कुठे कुठे होतं. त्याचं म्हणणं असं की तू एवढी वर्षं एकटी आहेस, ते एकटे आहेत, निकाह लावू, ते राहतील, लोकांची तोंडं बंद होतील, आणि तुलाही आधार.

मला हसू आलं ते आवरेना. म्हातारपणी मला टोकाच्या खोलीत झोपवणार का, फुलं लावणार का, असं मी विचारलं. जाल लालेलाल झाला. मग मीही हसायची थांबले, कारण मला जे म्हणायचं होतं ते हसण्यावारी न्यायचं नव्हतं.

"माझा जीव आहे त्यांच्यावर," मी म्हणाले. "पण तसा नाही. तू म्हणतोस तसलं काही माझ्या मनात नाही, त्यांच्याही नाही. माणूस घरात राहावा म्हणून त्याच्या गळ्यात मला बांधायचं? मी काय दाराची कडी आहे?"

"मग त्यांना जावं लागेल," जाल म्हणाला. "दोन्ही नको म्हणता येणार नाही."

मी म्हणाले, बघू.

यलमीला मी सांगितलं तेव्हा ती रडायला लागली. तिला बाप हवा होता, पण मामाच्या शब्दाबाहेर जायची तिची छाती नव्हती. आमच्याकडे मामाचा शब्द बापापेक्षा वरचा. तिने मला, म्हणजे तिच्या मावशीला, एकच विचारलं, एतेक, बाबांना विचारलंस का? नव्हतं विचारलं. मग मी ओसरीवर गेले. सुतान नातीचा शाळेचा झगा उसवून लांब करत होते. हुमाइरा सहा वर्षांची आहे, भराभरा वाढते. त्यांना मी उदा म्हणते, दादा म्हणावं तसं. म्हणाले, उदा, तुमच्या घरचे न्यायला येणार आहेत. ते म्हणाले, हो, ऐकलं. मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्यांनी दोरा दातांनी तोडला आणि म्हणाले, तुम्ही सगळे ठरवाल तसं. एवढी वर्षं हेच ऐकत आले होते. जेवायला काय करू? तुम्ही कराल ते. दुकान विकायचं का? तुम्ही म्हणाल तसं. आपल्या घरात नसलेला माणूस दुसरं काय बोलणार? मी पाय आपटत आत गेले आणि नारळ खवायला घेतला. त्या दिवशी नारळाच्या करवंटीत काही उरलं नाही.

प्रार्थना झाली आणि ठरल्या दिवशी ते लोक आले. सुतानचा भाचा अफ्रिझोन, त्यांच्या कुळातले दोन म्हातारे, आणि सुतानची बहीण राबिया, डोक्यावर पानाचं तबक घेऊन. तबकावर सोनेरी काठाचं कापड. माझ्या बाजूने जाल काळ्या पोशाखात बसला होता, शेजारी कुळातले आणखी दोघे. यलमी पडद्यामागे. सुतान भिंतीशी, जिथे जावई बसतात तिथे, पाय दुमडून. त्यांची पिशवी त्यांनी स्वतःच भरून दाराशी ठेवली होती. मी ती बघितली तेव्हा मला त्यांच्या मुस्कटात मारावीशी वाटली.

रेंदांग मी केलं होतं. उत्तम झालं होतं. माझ्या स्वयंपाकावर कोणी भाषण करू नये.

आमच्या गावात बोलणी सुरू व्हायच्या आधी तबक घरातल्या सगळ्यात वडील बाईपुढे ठेवतात. तिने पहिलं पान उचललं की पुरुष बोलायला मोकळे. मग एक बाजू वळणावळणाने विचारते, दुसरी तशीच उत्तर देते, तासभर चालतं, आणि शेवटी जे आधीच ठरलेलं असतं तेच ठरतं. पान उचलणं हे आजवर युस उनीचं काम होतं. आता ते माझ्याकडे आलं होतं. राबियाने तबक माझ्यापुढे ठेवलं, कापड दूर केलं. हिरवीगार पानं, कापलेली सुपारी, चुन्याची डबी. सगळे माझ्या हाताकडे बघायला लागले.

मी हात मांडीवर ठेवले.

अफ्रिझोनबरोबरचा एक म्हातारा भाषण पाठ करून आला होता. त्याचं तोंड उघडलेलं होतं आणि ते तसंच राहिलं. खाली अंगणात कोणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती, तिचे हिसके ऐकू येत होते.

"एतेक, पान घ्या," अफ्रिझोन अदबीने म्हणाला. "आम्हाला बोलायला सुरुवात करता येत नाही."

"म्हणूनच घेत नाही," मी म्हणाले.

जालचा चेहरा बदलला. सभेत बहिणीला टोकणं त्याला शोभत नाही, म्हणून तो खालच्या आवाजात म्हणाला की उनी, पाहुणे आहेत, पोरखेळ नको. मी मोठ्याने म्हणाले की पोरखेळ मी करत नाही, पान नाही म्हणजे बोलणं नाही, बोलणं नाही म्हणजे कोणी कुठे जात नाही, ही रीत मी काढलेली नाही, तूच मला ती शिकवत असतोस. यलमीचा पडदा हलला. मला वाटतं ती हसली.

तेव्हा जालने सभा बाजूला ठेवली. "बायकोच नाही तर नवरा कसला?" तो म्हणाला. "घरात परका पुरुष ठेवणार आहेस तू?"

"परका?" मी म्हणाले. "छपराचा पत्रा उडाला तेव्हा पावसात वर कोण चढलं होतं? तू तेव्हा जाकार्तात होतास, तिथून फोनवर सल्ला देत होतास. या घरातल्या पोरांच्या ईदच्या कपड्यांना कोणाच्या हाताचा टाका आहे? तुझ्या अंगावरचा हा काळा अंगरखा कोणी शिवलाय, जाल? काढून ठेव मग, परक्याचा आहे."

जालचा हात आपोआप गुंडीवर गेला आणि थांबला.

मला खरी भीती राबियाची होती. ती पुरुषांसारखी चिडली नाही, दुखावली. माझ्या घरी माझ्या भावाला जागा नाही असं गावाला वाटेल, म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मी तिला म्हटलं, राबिया उनी, तुमच्या घरी जागा आहे हे मला ठाऊक आहे, तुम्ही चांगलं करताय. पण आमचे बाबा तुमच्या गल्लीतूनच रोज इकडे चालत यायचे, आठवतं का? खाली उभे राहायचे. तुम्हीच एकदा त्यांना छत्री दिली होती. राबियाने मान खाली घातली.

आणि मग मी जे करायला नको होतं ते केलं. मी सभेत सुतानना विचारलं. जावयाने बायकोच्या कुळाच्या सभेत बोलायचं नसतं, त्याने ऐकायचं आणि पाणी द्यायचं असतं. सगळ्यांनी तिकडे माना वळवल्या. सुतान खाली बघत होते. ते म्हणाले असते की तुम्ही ठरवाल तसं, तर मी तिथेच संपले होते. माझं भांडण, माझं न उचललेलं पान, सगळं वाऱ्यावर. मला घाम फुटला होता, खोटं कशाला सांगू.

मग त्यांनी चष्मा काढला.

"मी सात वर्षांचा असताना आई म्हणाली, आता मोठा झालास, सुराऊत झोपायला जा. गेलो," ते म्हणाले. "मिसरूड फुटली, मामा म्हणाले परगावी जा. गेलो. मग म्हणाले लग्न ठरलंय, सासरी जा. गेलो. दर वेळी मला मानानेच पाठवलं, माझी कुणाविषयी तक्रार नाही. पण मला कोणी कधी विचारलं नव्हतं. आज या बाईने चारचौघांत विचारलंय." ते जरा थांबले. "मी जाणार नाही. माझी बायको या घरात मेली. मीही इथेच मरेन."

जाल म्हणाला, कुठल्या नात्याने?

"ते मला माहीत नाही," सुतान म्हणाले. "तुम्ही विद्वान आहात, तुम्ही शोधा."

मी त्यांना एवढ्या वर्षांत असं बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांनी मान वर ठेवली होती. मग ते राबियाकडे वळले आणि एकदम हळू झाले. शुक्रवारच्या नमाजानंतर थेट तुझ्याकडे जेवायला येत जाईन, म्हणाले, दर शुक्रवारी, तू कंटाळशील.

राबियाने डोळे पुसले. तिने सोनेरी काठाचं कापड तबकावर पुन्हा ओढून घेतलं, नीट, चारी कोपरे सारखे करून. अफ्रिझोन काहीतरी म्हणायला लागला तर तिने त्याला हाताने गप्प केलं. मग मला म्हणाली, रेंदांग करून ठेवलंयस ते वाढणार आहेस की तेही नाकारणार आहेस?

वाढलं. सगळे जेवले, जाल सोडून. तो उठला आणि म्हणाला की मी या घराची पायरी पुन्हा चढणार नाही. मी म्हणाले की पायरी माझी आहे, ती कुठे जात नाही, तुला चढायची तेव्हा चढ. त्याने चपला घातल्या. खाली गेल्यावरही तो थोडा वेळ उभा होता हे मी खिडकीतून बघितलं. माझ्या भावाला मी दुखवलं, आणि मला त्याचं वाईट वाटतं. पण तोच प्रसंग उद्या पुन्हा आला तर मी तेच करेन.

सुतान उनीच्याच खोलीत राहतात. यलमीने ती खोली मागितली नाही. पिशवी त्यांनी त्याच संध्याकाळी रिकामी केली आणि पिशवीचं कापड चांगलं म्हणून तिचं हुमाइराला दप्तर शिवून दिलं. गाव बोलतं. बोलायला गावाला दुसरं काय आहे? मशिदीतून कोणी तरी निरोप पाठवला की हे दिसायला बरं नाही. मी उलट निरोप धाडला की घरात भाची आहे, तिचा नवरा आहे, नात आहे, मांजर आहे, आमच्या दोघांच्या मध्ये एवढी गर्दी आहे की भांडायचं म्हटलं तरी ओरडून भांडावं लागतं.

गेल्या शनिवारी सुतान आणि मी बाजारात गेलो, भाजीची पिशवी त्यांच्या हातात. मासे विकणारी रोहानी माझ्या बालपणापासूनची ओळखीची, तिची जीभ तिच्या सुरीसारखी. चार गिऱ्हाईकं उभी असताना तिने मला नावाने हाक मारून मोठ्याने विचारलं, काय गं नेलिस, नवरा नाही, भाऊ नाही, मग हा तुझा कोण? चारही गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. सुतान पिशवीचा बंद घट्ट धरून उभे राहिले, आणि मला वाटलं, आता हे चार पावलं मागे सरकतील.

"आमच्या घरचं माणूस आहे," मी म्हणाले. "बांगडे ताजे आहेत का ते सांग."

रोहानी म्हणाली, आजच पहाटेचे आहेत, शप्पथ.

सुतान पुढे झाले, वाकले, एका बांगड्याचा कल्ला बोटाने उघडून बघितला. "कालचे आहेत," ते म्हणाले, आख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं. "आमच्या घरी असले चालत नाहीत."